आठवीनंतर हात सुटू नये म्हणून : आई-वडील नसलेल्या विद्यार्थ्यासाठी माध्यमिक शाळेने काय, कधी आणि कसं करावं

आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी व्यवस्थेने बऱ्यापैकी धरून ठेवलेलं असतं. दुपारी शाळेत पोषण आहार मिळतो, पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात आणि शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाचं नाव सहजासहजी कमी होऊ देत नाही. नववीच्या जूनमध्ये हे तिन्ही एकदम थांबतं. आई-वडील असलेल्या घरात तो खर्च कुरकुर करत का होईना निघतो. म्हाताऱ्या आजीच्या किंवा मामाच्या जिवावर शिकणारं मूल इथेच गळतं. कुणी त्याला शाळेतून काढत नाही, ते यायचं बंद होतं एवढंच.

त्यामुळे खाली सांगितलेली बहुतेक कामं आठवीत सुरू करायची आहेत. कागद गोळा करणं, बाल कल्याण समितीपुढे जाणं आणि पहिला हप्ता खात्यात पडणं यात एक शैक्षणिक वर्ष सहज जातं. नववीत जागं झालेल्या शाळेला दहावीच्या परीक्षेपर्यंत काहीच हाती लागत नाही.

आधी मूल कुठल्या खान्यात बसतं ते ठरवा

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘अनाथ’ म्हणतो, पण कागदावर फरक पडतो. सातारा-सांगलीकडच्या हायस्कुलांत साधारण तीन प्रकारची मुलं दिसतात. पहिल्या प्रकारात आई-वडील दोघंही वारलेली आणि आजी-आजोबा, चुलते किंवा मामाकडे राहणारी मुलं येतात. दुसऱ्या प्रकारात वडील वारले, आईने दुसरं लग्न केलं आणि मूल मागे राहिलं. तिसरा प्रकार बालगृहातून शाळेत येणाऱ्या मुलांचा.

अनाथ प्रमाणपत्र पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या, म्हणजे दोन्ही पालक नसलेल्या मुलाला मिळतं. 6 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यात दोन वर्ग आहेत: संस्थेत वाढलेलं मूल ‘संस्थात्मक’ आणि नातेवाइकांकडे वाढलेलं ‘संस्थाबाह्य’. दुसऱ्या प्रकारातल्या मुलाला हे प्रमाणपत्र मिळत नाही. मुलाला दरमहा पैसे देणारी बालसंगोपन योजना मात्र त्याच्यासाठीही आहे, कारण एक पालक गमावलेली मुलंही तीत बसतात. शाळेत इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. “आई हयात आहे, मग तुला काही मिळणार नाही,” असं एखादा कारकून सांगून टाकतो आणि हक्काचे पैसे बुडतात.

मुलं हुडकायची, पण वर्गात हात वर करायला लावून नाही

“ज्यांचे आई-वडील नाहीत त्यांनी उभं राहा,” हे वाक्य अजूनही काही वर्गांत ऐकू येतं. ते कायमचं बंद करा. ही माहिती शाळेच्या कागदांतच पडलेली असते. प्रवेश अर्जात ‘पालक’ म्हणून आजोबांचं नाव असतं, प्रगतिपत्रकावर वर्षानुवर्षं अंगठा किंवा तीच थरथरती सही असते, वेगवेगळ्या आडनावांच्या दोन मुलांना एकच मोबाइल नंबर लागलेला असतो. जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकांनी पहिल्या पंधरवड्यात आठवी ते दहावीचे अर्ज या नजरेने चाळावेत. यादी मुख्याध्यापक आणि एक जबाबदार शिक्षक एवढ्यांकडेच राहावी. शाळेत सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) असेल तर तिच्यातली एखादी शिक्षिका या कामाला योग्य, कारण मुली तिच्याशी मोकळ्या होतात.

जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी. ‘सगळे मिळून बघू’ असं ठरलं की तहसीलच्या चकरा कुणीच मारत नाही.

घरी जाऊन या

कागदांना हात लावण्याआधी एकदा घर पाहा. जायचं ते संध्याकाळी, सहाच्या पुढे. सकाळी गेलात तर आजी शेतात किंवा रोजगार हमीच्या कामावर असते आणि दाराला कुलूप दिसतं.

घर बघायचं ते गरिबी मोजायला नव्हे. मूल कुठे बसून लिहितं, त्याच्या डोक्यावर दिवा आहे का, घरात कमावतं कोण, दप्तर कुठे टांगलेलं आहे, एवढं पाहायचं. दप्तर गोठ्यातल्या खुंटीला असेल तर अभ्यासही गोठ्यातच होतो असं समजा. आजी-आजोबांची तब्येत विचारा. आणखी तीन-चार वर्षांनी या मुलाला कोण सांभाळणार, याचा अंदाज त्यातूनच येतो. कागदांची चौकशी सरळ करा:

“आजी, पोराच्या आईचा मृत्यूचा दाखला हाय का घरात?”

“हाय की, पत्र्याच्या पेटीत. न्हाय... त्याच्या चुलत्यानं नेला व्हता बँकेत.”

मूळ दाखला कुठे गेला हे इथेच कळतं. चुलत्याकडे जायचं आणि झेरॉक्सवर समाधान न मानता मूळ प्रत मागून आणायची.

फाइल : कुठला कागद कुठे अडतो

प्रत्येक मुलाची एक स्वतंत्र फाइल शाळेच्या कपाटात ठेवा. तिच्यात प्रत्येक कागदाच्या पाच साक्षांकित झेरॉक्स आणि मुलाचे आठ फोटो असावेत. मूळ प्रती घरी राहू द्या, पण प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत. कृष्णाकाठच्या गावांनी 2005 आणि 2019 च्या पुरात दाखले गेल्यावर काय होतं ते पाहिलं आहे. पलूस, मिरज, वाळवा भागातल्या शाळांनी स्कॅन प्रतीही ठेवाव्यात.

आई-वडिलांचे मृत्यू दाखले हा सगळ्याचा पाया. मृत्यूची नोंद राहत्या गावात होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. आटपाडीचा माणूस मिरजेच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेकडे मिळेल, आटपाडीच्या ग्रामपंचायतीत कितीही चकरा मारल्या तरी मिळणार नाही. नोंद 21 दिवसांत व्हायची असते. ती झालीच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे काम लांबतं, म्हणून सगळ्यांत आधी हातात घ्या.

मुलाचं आधार हा दुसरा अडथळा. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात, आणि हे वय नेमकं नववी-दहावीत येतं. अपडेट राहिलं की ई-केवायसी फसते आणि अर्ज पुढे सरकत नाही. पंधरा ते सतरा वयात हे अपडेट फुकट होतं.

नावातला फरक क्षुल्लक वाटतो, पण तोच अर्ज परत पाठवतो. शाळेच्या जनरल रजिस्टरला ‘सुनीता’, आधारवर ‘सुनिता’, बँकेत वडिलांच्या नावाच्या जागी चुलत्याचं नाव. तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्या, तेही दहावीच्या बोर्डाचा अर्ज भरण्याआधी. मूल शाळा सोडून गेल्यावर रजिस्टरमधली दुरुस्ती सोपी राहत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेचा फेरा लागतो.

बँक खातं मुलाच्याच नावाने उघडा, पालक म्हणून आजी किंवा आजोबा. मग खात्याला आधार जोडलं आहे का ते पाहू नका, सरकारी पैसे कोणत्या खात्यात पडणार ते पाहा. दोन्ही एकच नाही. थेट लाभाचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. पाचवीत असताना कुणीतरी दुसऱ्या बँकेत उघडून दिलेलं, आता व्यवहार नसलेलं खातं असेल तर हप्ता तिकडे जातो आणि घरचे म्हणतात, “आमचे पैसेच आले नाहीत.” बँकेत आधार सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या खात्याशी जोडलं आहे याची, चौकशी करून योग्य खातं जोडून घ्या.

राहिला जातीचा दाखला. त्यासाठी वडिलांच्या बाजूचे पुरावे लागतात: वडिलांचा, आजोबांचा किंवा चुलत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुन्यातल्या जुन्या नोंदी. अनुसूचित जातीसाठी 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 1967 पूर्वीचा रहिवास किंवा जातीचा पुरावा मागतात. आजोबा हयात आहेत तोवर हे शोधणं सोपं असतं. कोणत्या शाळेत शिकले, कोणत्या गावी होते, हे ते तोंडी सांगतात. ते गेले की पुराव्याचा धागाच तुटतो.

या सगळ्याबरोबर रेशनकार्डही पाहा. आई-वडिलांच्या कार्डावरचं मुलाचं नाव आजीच्या कार्डावर चढलेलं नसतं, आणि त्याच्या वाट्याचं धान्य दर महिन्याला बुडत असतं.

पैसे कुठून येतात

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला दरमहा 2250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा. सोबत मृत्यू दाखले, आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, पासबुकची प्रत आणि घरासमोर पालकासोबत काढलेला मुलाचा फोटो लागतो. अर्ज दिल्यावर घरी चौकशी होते, अहवाल तयार होतो आणि मग मुलाला पालकासह जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर राहावं लागतं. आदेश ही समिती देते.

बरेच अर्ज याच शेवटच्या पायरीवर पडून राहतात. जतहून सांगलीला किंवा पाटणहून साताऱ्याला यायचं तर आजीची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं आणि कार्यालयात काय बोलायचं याची धास्ती असते. तारखेला जबाबदार शिक्षकाने सोबत जावं. तीन-चार मुलांची तारीख एकाच दिवशी मागून घेतली तर सगळे मिळून जाता येतं.

केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वात मुलाला दरमहा 4000 रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72 हजार आणि शहरात 96 हजारांच्या आत असावं लागतं. मुलाला कोणत्या योजनेत बसवायचं हे जिल्हा बाल संरक्षण कक्ष पाहतो. शाळेने फाइल पूर्ण द्यावी आणि दोन्हींबद्दल विचारावं. कुठलीही योजना असली तरी पैसे महिन्याच्या महिन्याला पडतील असं धरून चालू नका. कधी कधी काही महिने काहीच येत नाही, मग थकलेलं एकदम येतं. आजीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती किराणा दुकानात ‘सरकारचे येतील’ म्हणून उधारी वाढवून बसते.

कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्या नावाने राज्याची पाच लाखांची ठेव आणि पीएम केअर्समधली रक्कम आहे. यातली बरीच मुलं आता नववी ते बारावीत आहेत. ठेवीची पावती आणि पासबुक कुणाकडे आहे एवढं शाळेने विचारून घ्यावं.

आजी पासष्ट वर्षांची आणि निराधार असेल तर श्रावणबाळ या वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेचा अर्जही याच दौऱ्यात तहसीलला देऊन टाका. घरात येणारा प्रत्येक हप्ता शेवटी मुलाच्या शाळेच्याच कामी येतो.

आठवीतली एक परीक्षा

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे आपण ज्याला एनएमएमएस म्हणतो, ती या मुलांसाठी इतर कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त कामाची आहे. आठवीत परीक्षा द्यायची आणि निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी 12 हजार रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला 55 टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी 50 टक्के. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे प्रत्येकी 90 गुणांचे दोन पेपर असतात.

गणित-विज्ञान शाळेत होतंच. मुलं अडकतात बौद्धिक क्षमतेत, कारण घरी तशी पुस्तकं नसतात आणि क्लासला पैसे नसतात. जुलैपासून आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर पाऊण तास सरावाचा ठेवा. आकृत्या, संख्यामालिका, सांकेतिक भाषा. परीक्षा साधारण डिसेंबरात असते, तोवर तीस-पस्तीस तास होतात आणि तेवढ्यात मुलाची भीड चेपते. गुणवत्ता यादीत न आलेल्या, पण उत्तीर्ण झालेल्या मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची वर्षाला 9600 रुपयांची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि बऱ्याच शाळा तो विसरतात.

एनएमएमएसचं नूतनीकरण दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचं असतं. मूल दहावीनंतर दुसऱ्या कॉलेजला गेलं की ‘ते बघतील’ असं इकडे वाटतं, तिकडच्यांना काही माहीतच नसतं, आणि अकरावी-बारावीचे 24 हजार हातचे जातात. अकरावीत पुढे चालू राहायला दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 55. हा आकडा मुलाला नववीतच सांगून ठेवा.

शाळेच्या आत

साताऱ्यात वसतिगृहाची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पोट भरल्याशिवाय पोरगं शिकत नाही, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. आजच्या हायस्कूलला मात्र नववीच्या मुलाच्या दुपारच्या जेवणाची चौकशी करायला सांगावं लागतं.

चौकशी अशी करा. डबा खाताना कोण मैदानावर ‘भूक नाही’ म्हणून फिरतं, ते दोन दिवस पाहा. नंतर शिक्षकांच्या वाट्यातून किंवा गावातल्या एखाद्या घरातून डब्याची सोय लावा, पण मुलाला सगळ्यांसमोर ताट हातात घेऊन उभं करू नका. वर्गातल्या एका मित्राच्या घरून ‘दोन डबे’ येणं हा सगळ्यात सोपा आणि कुणाच्या डोळ्यात न येणारा मार्ग.

पुस्तकांसाठी पेढी चालवा. एप्रिलमध्ये दहावी सुटली की पुस्तकं गोळा करा, पानं मोजा, कव्हर घाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गुपचूप द्या. गणवेशाचं कापड घेऊन शिंप्याकडे मापाला पाठवा. तयार गणवेश बहुतेक वेळा एक माप मोठा निघतो आणि कुणीतरी दिलेला आहे हे लांबून ओळखू येतं. एसटीचा पास मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंत फुकट आहे, मुलांना सवलतीत मिळतो. बोर्डाची परीक्षा फी, प्रयोगवह्या, सहल या गोष्टींसाठी विद्यार्थी कल्याण निधीची वेगळी वही ठेवा आणि प्रत्येक रुपयाची पावती फाडा. निधीचा हिशोब तोंडी चालला की वर्षभरात देणारा आटतो.

वाटप समारंभ आणि फोटो हा मोह टाळाच. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणं हा बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणाऱ्याला फोटो हवाच असेल तर दप्तरांचा काढा.

मूल मलूल असेल, एकाएकी चिडत असेल, तर आधी वर्गशिक्षकाने बोलावं. आई-वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आसपास आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं हमखास खचतात. गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. मारहाण, उपासमार, कामाला जुंपणं असं काही दिसलं तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवायचं, त्यासाठी संस्थाचालकांच्या परवानगीची वाट पाहायची नाही.

कारखाने सुरू झाल्यावर

ऊस तोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. जत, आटपाडी, माण, खटाव भागातून टोळ्या निघतात आणि मामाच्या कुटुंबाबरोबर भाचाही कोयता घेऊन जातो, कारण एक जादा हात म्हणजे जादा पैसे. सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की चौथ्या दिवशी घर गाठा. महिना गेला की मूल परत आलं तरी वर्गात बसायला लाजतं. टोळी जाण्याआधीच ऑक्टोबरात मामाशी बोलून मुलाला आजीकडे किंवा वसतिगृहात ठेवायचं ठरवा. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहांत अनाथांसाठी जागा राखीव असतात. त्यासाठी गृहपालांना जूनमध्येच भेटलेलं असावं लागतं.

मुलींबाबत धोका वेगळा. आजीला वाटतं, “माझ्या डोळ्यांदेखत हिचे हात पिवळे झाले म्हणजे सुटले.” ही माया आहे, वैर नाही, म्हणून नुसता कायदा दाखवून भागत नाही. मुलीला महिन्याला पैसे सुरू झालेत आणि बारावीपर्यंत सोय लागली आहे, हे पासबुक उघडून दाखवलं की आजीचा सूर बदलतो. तरीही लग्न ठरलंच तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, त्याला लेखी कळवा.

जमिनीकडेही एकदा पाहून घ्या. वडिलांच्या नावची शेती असेल तर सातबाऱ्यावर मुलाची वारस नोंद झाली आहे का, त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलाचा पालक) म्हणून कोण लागलंय, हे तलाठ्याकडे कळतं. अज्ञानाची, म्हणजे अल्पवयीन मुलाची, जमीन चुलत्याला परस्पर विकता येत नाही. तसा प्रकार दिसला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला फुकट वकील मिळतो. हे शाळेचं काम नव्हे, असं म्हणणारे भेटतील. पण त्या घरात सातबारा वाचू शकणारं दुसरं कुणी नसेल तर?

दहावी आणि पुढे

अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव नववीच्या सुरुवातीला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्या. तिथून बाल कल्याण समितीची शिफारस होते आणि सही पुण्याच्या विभागीय उपायुक्तांची असते, म्हणून वेळ लागतो. शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना एक टक्का आरक्षण आहे. अकरावी किंवा आयटीआयच्या फेऱ्या सुरू झाल्यावर ‘प्रमाणपत्र येतंय’ असं सांगून जागा मिळत नाही. 2024-25 पासून व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांच्या फीमाफीतही संस्थात्मक आणि संस्थाबाह्य, दोन्ही वर्गांतल्या अनाथ मुला-मुलींचा समावेश आहे, तिथेही हाच कागद लागतो.

दहावीत एक-दोन विषय राहिले म्हणून मूल बसलं, तर त्याला अकरावीला जाता येतं आणि राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतात. निकालाच्या दिवशी हे त्याच्या घरी जाऊन सांगा. दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गेलेलं असतं.

अठरा पूर्ण झाले की मासिक मदत थांबते. बालगृहातल्या मुलाला बाहेर पडावं लागतं. त्याच्यासाठी एकवीसपर्यंत अनुरक्षणगृहाची (बालगृहानंतर राहण्याच्या जागेची) आणि मदतीची तरतूद आहे, अर्ज मात्र अठरा पूर्ण होण्याआधी करायचा.

शाळा सोडल्याचा दाखला देताना सोबत ती फाइलही मुलाच्या हातात द्या आणि झेरॉक्सचा एक संच शाळेत ठेवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक फोन करा: प्रवेश कुठे झाला, शिष्यवृत्तीचा अर्ज नव्या कॉलेजात भरला का, राहतोस कुठे. उत्तर आलं नाही तर संध्याकाळी सहानंतर आजीच्या घरी जाऊन या.